मोठी गिटार आणि काळी चारची पट्टी

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : ठाण्यात नौपाड्यात राहणाऱ्या एका वाचक भगिनी माध्यमिक शाळेत शिकवतात. वय ४६, उंची पाच फूट. दोन वर्षांपासून त्या दर शनिवारी ट्रान्स-हार्बरने वाशीला जाऊन गिटार शिकत आहेत. त्यांना एकल वादन करायचे नाही. आपल्या भावगीतांना आणि अभंगांना आपणच साथ करावी, एवढीच इच्छा आहे. त्या काळी चारमध्ये, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी षड्ज धरून, गातात आणि त्यासाठी पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) कॅपो, म्हणजे सर्व तारा दाबून धरणारा चिमटा, लावून ‘जी’ कॉर्डच्या शेपने (बोटांच्या ठेवणीने) वाजवतात. सध्या हाताशी आहे ती भाच्याची ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या, खोल बॉडीची गिटार. ती मांडीवर घेतली की उजवा खांदा वर उचलला जातो आणि अर्ध्या तासात दुखू लागतो. घरी रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकले, तर गिटार घुमते, विशेषतः ‘जी’चा शेप धरल्यावर, आणि खालच्या सुरांत गळा बुडून जातो. स्वतःच्या गिटारसाठी त्यांनी ३० हजार रुपये साठवले आहेत. सरांचे म्हणणे, ड्रेडनॉटच घ्या, लहान बॉडीचा आवाज पिचका येतो. दुकानदाराने त्यांची उंची पाहून एक लहान गिटार ‘लेडीज मॉडेल’ म्हणून पुढे केली, तेव्हा मन खट्टू होऊन त्या ती न वाजवताच परतल्या. त्या विचारतात : लहान गिटार घेतली तर पुढे पश्चात्ताप होईल का? घुमणे हा हाताचा दोष की गिटारचा? आणि लाकूड कोणते पाहावे?

नमस्कार.

तुमच्या पत्रात खांद्याचे दुखणे आधी आले आहे आणि ‘जी’च्या शेपला गिटार सर्वांत जास्त घुमते ही गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे. मी मात्र त्या शेवटच्या ओळीपाशी थांबले, कारण तुमच्या तीनही प्रश्नांची उत्तरे तिथूनच सुटू लागतात. दोष तुमच्या हाताचा नाही, हे आधी स्पष्ट सांगते. तो पूर्णपणे गिटारचाही नाही. तुमची पट्टी आणि त्या गिटारची पोकळी यांची गाठ नेमकी नको त्या जागी पडली आहे.

गिटारची तार स्वतः फारसा आवाज करत नाही. तार बारीक असल्यामुळे ती भोवतालची हवा हलवण्याऐवजी कापत जाते. तिची थरथर ब्रिजमधून, म्हणजे तारा जिला अडकवलेल्या असतात त्या पट्टीतून, वरच्या फळीत, म्हणजे टॉपमध्ये उतरते, टॉप वरखाली हलतो आणि त्याबरोबर आतल्या पोकळीतील हवा साउंडहोलमधून, म्हणजे टॉपवरच्या गोल भोकातून, आत-बाहेर होऊ लागते. आपण ऐकतो तो या टॉपचा आणि या हवेचा आवाज. या दोघांनाही स्वतःचे असे आवडते सूर असतात. नळाखाली कळशी भरताना पाणी जसजसे वर येते तसतसा आवाज चढत जातो, हे घराघरांत ऐकू येते. आतील हवेची जागा कमी होते म्हणून सूर चढतो. गिटारचेही तेच आहे. पोकळी मोठी, तर हवेचा सूर खाली. पोकळी लहान, तर सूर वर. साउंडहोल मोठे केले तर मात्र तो सूर वर चढतो, म्हणून मोठे भोक म्हणजे जास्त खर्ज ही समजूत बरोबर उलटी आहे.

आता आकडे पाहू. ड्रेडनॉटच्या पोकळीतील हवेचा सूर साधारण १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांच्या, आसपास असतो. लहान बॉडीच्या गिटारमध्ये तो ११० ते १२० कडे सरकतो. टॉपचा स्वतःचा मुख्य सूर बहुतेक गिटारमध्ये १८० ते २२० हर्ट्झच्या दरम्यान सापडतो. तुम्ही गाता काळी चारमध्ये, म्हणजे तुमचा मध्य षड्ज सुमारे २०८ हर्ट्झचा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून ‘जी’चा शेप धरला, की सहाव्या तारेवर येतो तो त्याच षड्जाचा खालचा जोडीदार, १०४ हर्ट्झचा. म्हणजे ज्या सुराला पोकळीतील हवा सर्वांत जास्त साथ देते, तोच सूर तुम्ही गाण्यातल्या प्रत्येक समेवर, प्रत्येक मुक्कामाच्या जागी, सर्वांत जाड तारेवर छेडता. आणि त्याच्या वरच्या षड्जाला टॉप उचलून धरतो. मग ती गिटार घुमेल नाही तर काय करेल?

गळा बुडण्याचे कारणही इथेच आहे. आपल्या कानाची घडण अशी आहे, की खालचा दणकट सूर त्याच्या वरच्या सुरांना झाकतो. वरचा सूर खालच्या सुराला तितका झाकत नाही. तुमच्या मंद्र पंचमाची जागा सुमारे १५६ हर्ट्झ. तुम्ही मंद्रात उतरता तेव्हा गळ्यात जोर आपोआप कमी असतो आणि नेमका त्याच वेळी खाली १०४ चा लोट चालू असतो. तारसप्तकात तुम्ही सहज वर निघून जाता, म्हणून तिथे तक्रार नाही. तुम्ही लिहिलेही तसेच आहे.

माझ्या शब्दावर विसंबू नका, आज संध्याकाळी स्वतः करून पाहा. कॅपो काढा. बाकीच्या पाच तारांवर उजव्या हाताची कड हलकेच टेकवून त्यांना गप्प करा. सहावी तार एकेका फ्रेटवर दाबत, अगदी सारख्या जोराने छेडत सातव्या फ्रेटपर्यंत जा. मोकळ्या तारेचा सूर ८२ हर्ट्झचा आहे, तो तुम्हाला काहीसा कोरडा वाटेल. तिसऱ्या-चौथ्या फ्रेटच्या आसपास एक जागा अशी येईल, की आवाज अचानक फुगेल आणि गिटारची पाठ तुमच्या पोटाला थरथरलेली जाणवेल. पाचव्या-सहाव्याला तो पुन्हा बसेल. आता मैत्रिणीला तळहाताने साउंडहोल अर्धे झाकून धरायला सांगा आणि तेच पुन्हा वाजवा. फुगवटा एखाद-दोन फ्रेट खाली सरकलेला ऐकू येईल, कारण भोक लहान झाले. सहाव्या तारेवर चौथा फ्रेट म्हणजेच तुमचा १०४ चा षड्ज. हा प्रयोग मी विद्यार्थ्यांकडून पहिल्याच महिन्यात करून घेते. एकदा बोटांनी आणि पोटाने ही जागा ओळखली, की गिटारच्या आकाराबद्दलची पुढची चर्चा हवेत राहत नाही.

यावरून पैसे न खर्च करता करण्यासारख्या काही गोष्टी निघतात आणि नवीन गिटार घेण्यापूर्वी त्या पंधरा दिवस करून पाहाव्यात, अशी माझी विनंती आहे. एक तर कॅपो सहाव्या फ्रेटवर लावून ‘डी’च्या शेपने तेच गाणे वाजवा. पट्टी काळी चारच राहील, पण सहावी तार न छेडल्यामुळे १०४ चा षड्ज साथीतून निघून जाईल. आवाज थोडा पातळ वाटेल, तरी मंद्रातला गळा मोकळा झालेला लगेच कळेल. दुसरे, रेकॉर्ड करताना फोन साउंडहोलसमोर ठेवू नका. हवेचा तो लोट तिथूनच बाहेर पडतो. गिटारची मान जिथे बॉडीला मिळते, त्या बाराव्या ते चौदाव्या फ्रेटच्या समोर, हातभर अंतरावर फोन ठेवा. तिसरे, ‘जी’च्या शेपमध्ये सहावी तार अंगठ्याने पूर्ण जोराने न छेडता नुसती स्पर्शून जा. एवढ्याने तुमची निम्मी तक्रार मिटेल, असे मला वाटते. खांद्याची मात्र यातल्या कशानेही मिटणार नाही.

आता सरांच्या म्हणण्याकडे वळते. ‘लहान बॉडीचा आवाज पिचका’ हे वाक्य त्यांनी आकसाने म्हटलेले नाही आणि त्यात तथ्यही आहे. पण ते कोणत्या कामासाठी खरे आहे हे पाहायला हवे. ड्रेडनॉट हा आकार अमेरिकेतील मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये ऑलिव्हर डिट्सन या विक्रेत्यासाठी प्रथम बनवला आणि १९३१ पासून स्वतःच्या नावाने विकायला सुरुवात केली. नाव घेतले ते १९०६ च्या ब्रिटिश युद्धनौकेवरून. माईक सर्रास नसलेल्या त्या काळात गायकाला बँजो आणि फिडलच्या गदारोळात आपली साथ मागच्या रांगेपर्यंत पोहोचवायची होती, त्यासाठी रुंद कंबर, खोल पोट आणि भरघोस खर्ज असा हा आकार पुढे आला. पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चपटी पट्टी, घेऊन, जोरात झोडपून, चारचौघांच्या समूहगानाला साथ करायची असेल, तर आजही ड्रेडनॉटसारखी दुसरी गिटार नाही. सर तरुण मुलांना तेच शिकवत असतील, तर त्यांचा अनुभव त्यांच्या जागी बरोबर आहे.

तुम्ही मात्र बोटांनी वाजवता, एकट्याने गाता आणि ऐकणारे आठ-दहा हातांच्या अंतरावर असतात. इथे हिशेब बदलतो. मोठा टॉप हलवायला ऊर्जा लागते. पिकच्या तडाख्याने ती मिळते, पण बोटांच्या नाजूक छेडीने मोठा टॉप पुष्कळदा पुरता जागाच होत नाही. लहान आणि हलक्या बांधणीचा टॉप तेवढ्याच छेडीला चटकन उत्तर देतो. सूर उमटताना ठसठशीत उमटतो आणि एकेक तार वेगळी ऐकू येते. जोरात झोडपले, तर मात्र लहान गिटारचा आवाज एका मर्यादेनंतर वाढत नाही, उलट दबतो. सर ज्याला पिचका म्हणतात तो बहुधा हाच दबलेला आवाज. तेव्हा मोठी बॉडी म्हणजे मोठा आवाज, असे सरसकट म्हणता येत नाही. मोठ्या बॉडीचा कल खालच्या सुरांकडे असतो, लहान बॉडीचा मधल्या सुरांकडे. तुमचा गळा तर मधल्या सुरांतच आहे, मग साथही तिथेच असेल तर दोघांची टक्कर होणार नाही का, अशी शंका तुम्हाला येईल. ती रास्त आहे. पण मधल्या सुरांतील साथ तुम्हाला हळू वाजवून, आघात मागेपुढे करून आवरता येते. तळातून उठणारा घुमारा एकदा सुटला की बोटांना जुमानत नाही.

दुकानदाराच्या ‘लेडीज मॉडेल’ या शब्दांनी तुम्ही दुखावलात, हे मला पुरेपूर समजते. पण त्या शब्दांवर रागावून ती गिटारच न वाजवता तुम्ही परतलात, यात नुकसान तुमचे झाले. मार्टिनच्या मोजमापात सर्वांत रुंद जागी सुमारे ३४३ मिलिमीटर असलेल्या गिटारला ‘कॉन्सर्ट’ म्हणतात, ३६४ च्या गिटारला ‘ग्रँड कॉन्सर्ट’ आणि ३८१ च्या गिटारला ‘ऑडिटोरियम’. एकोणिसाव्या शतकात ही नावे पडू लागली, तेव्हा हे आकार खरोखरच मैफलीचे, मोठे आकार मानले जात. ड्रेडनॉट आहे ३९७ ची. म्हणजे आज दुकानात जी बायकांची आणि मुलांची म्हणून दाखवली जाते, ती गिटार एके काळी मंचावरची होती. गिटार तीच राहिली, शेजारी ठेवलेली गिटार मोठी झाली.

आपल्याकडचे उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. मिरजेला तानपुरे होतात, त्यांत पुरुषांचा मोठा आणि बायकांचा लहान असा फरक आहे. तो लहान तानपुरा बायकांना उचलायला सोपा म्हणून केलेला नाही. पुरुषाची पट्टी काळी एकच्या आसपास आणि बाईची काळी चार-पाचच्या आसपास, म्हणून भोपळ्याचा घेर आणि तारांची लांबी त्या पट्टीला बेतलेली असते. मी लहानपणी गाणे शिकत असताना एकदा हट्टाने मोठा तानपुरा माझ्या पट्टीत चढवून लावला होता. तारा इतक्या ताणल्या गेल्या, की त्यात आस उरली नाही. सूर उमटायचा आणि विरायचा. बाईंनी काही न बोलता तारा उतरवल्या आणि कोपऱ्यातला लहान तानपुरा माझ्या हातात दिला. त्या दिवशी त्याच्या खर्जातून पहिल्यांदा गंधार ऐकू आला. गिटारच्या दुकानात मला तो तानपुरा नेहमी आठवतो, कारण गळ्याची पट्टी पाहून वाद्य निवडण्याची ही पद्धत आपल्याकडे असूनही गिटार घेताना आपण ती बाजूला ठेवतो.

खांद्याचे कारण रुंदीपेक्षा खोलीत जास्त आहे. ड्रेडनॉटची बाजू जिथे सर्वांत खोल, तिथे ती सुमारे १२४ मिलिमीटर असते. ३८१ रुंदीच्या ऑर्केस्ट्रा मॉडेलची, म्हणजे ज्याला दुकानात ‘ओएम’ म्हणतात तिची, खोली सुमारे १०५ असते. फरक दोन सेंटिमीटरचाच, पण पाच फूट उंचीच्या व्यक्तीला तेवढ्या फरकाने कोपर शरीरापासून दूर ढकलले जाते आणि खांदा तो भार धरून बसतो. दुसरे म्हणजे कंबर. ड्रेडनॉटला कंबर जवळजवळ नसतेच, त्यामुळे ती मांडीवर उंच बसते. ओएम आणि तिच्या धाकट्या बहिणींची कंबर आत वळलेली असते, म्हणून त्या खाली स्थिरावतात आणि हात त्यांच्यावरून सहज उतरतो. आरशासमोर बाजूने बसून पाहा. गिटार हातात नसताना तुमचे दोन्ही खांदे ज्या रेषेत असतात त्याच रेषेत ते गिटार घेतल्यावर राहिले पाहिजेत. नाही राहिले, तर ती गिटार कितीही गोड वाजत असो, तुमची नाही. अर्ध्या तासात खांदा दुखतो म्हणजे तुम्ही रोज अर्धाच तास वाजवता आणि हे नुकसान कुठल्याही सुराच्या नुकसानापेक्षा मोठे आहे. गिटार बाजूला ठेवूनही दुखणे राहत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.

मग घ्यावी कोणती? माझा कौल ३८१ किंवा ३६४ रुंदीच्या, कमी खोलीच्या गिटारला आहे. दुकानात तिची नावे ‘ट्रिपल ओ’, ‘ओएम’ किंवा ‘डबल ओ’. यांत ट्रिपल ओ आणि ओएम यांची बॉडी सारखीच, पण पारंपरिक ट्रिपल ओच्या तारांची लांबी ६३२ मिलिमीटर आणि ओएमची ६४५. ऐकायला क्षुल्लक वाटणारा हा फरक डाव्या हाताला चांगलाच कळतो : लांबी कमी, तर त्याच सुराला ताण कमी, तार मऊ आणि फ्रेट जवळ. तुमच्या हाताला ६३२ ची जास्त मानवेल, असे वाटते. त्याहून लहान पार्लर आकार मला व्यक्तिशः फार आवडतो. पार्लर म्हणजे दिवाणखाना, आणि तुमची मैफल दिवाणखान्यातच भरते. पण अभंगाला थोडे अंग लागते आणि ते पार्लरमध्ये कधी कमी पडते, म्हणून ती वाजवून पाहा, मात्र एकदम ठरवू नका. काही लहान गिटारची मान बाराव्या फ्रेटपाशी बॉडीला मिळते. अशा गिटारमध्ये ब्रिज मागे, टॉपच्या रुंद भागाच्या मध्याकडे सरकतो आणि आकार लहान असूनही आवाज गोल, ऊबदार येतो. अशी एखादी हाती लागली, तर सोडू नका.

जंबोचा, म्हणजे ड्रेडनॉटहूनही मोठ्या आकाराचा, विचार सोडून द्या. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारचा एकदा करून पाहा, कारण भावगीताला तो मऊ आवाज शोभतो आणि तारांचा ताण पुष्कळ कमी असतो. अडचण एवढीच, की तिची मान नटपाशी, म्हणजे वरच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपाशी, सुमारे ५२ मिलिमीटर रुंद असते, स्टीलच्या तारांच्या गिटारची ४३-४४, आणि तुम्ही दोन वर्षे धरलेले शेप तिथे पुन्हा बसवावे लागतील. पातळ बॉडीच्या इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटार खांद्याला सोप्या असतात, पण वायर न जोडता वाजवल्या तर त्यांत पोकळीच थोडी असल्यामुळे आवाज खरोखर पिचका येतो. तुमच्या मंडळाचा कार्यक्रम वर्षातून दोनदा माईकवर होतो, त्यासाठी रोजचा आवाज गमावू नका. उलट माईकसमोर ड्रेडनॉटच जास्त त्रास देते : स्पीकरमधून जी हूं अशी शिटी सुटते, ती पुष्कळदा त्याच १०० हर्ट्झच्या जागेवर सुटते.

लाकडाबद्दल तुम्ही सर्वांत जास्त लिहिले आहे आणि मी सर्वांत कमी लिहिणार आहे. महत्त्व टॉपला. स्पॅनिश कारागीर अंतोनियो दे तोरेस याने १८६२ मध्ये एक गिटार अशी बनवली, की तिची पाठ आणि बाजू कागदाच्या पुठ्ठ्याच्या आणि टॉप तेवढा चांगल्या लाकडाचा. आवाज टॉपमधून येतो, हे दाखवण्यासाठी त्याने ती केली आणि ती वाजत असे. २०१८ मध्ये इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी पाठ आणि बाजूंचे लाकूड तेवढे वेगळे असलेल्या सहा गिटार ५२ वादकांना दिसू न देता वाजवायला दिल्या, तेव्हा त्यांच्या पसंतीत फारसा फरक पडला नाही. म्हणून शिसवीच्या पाठीसाठी जादा पैसे मोजू नका. टॉप मात्र सॉलिड, म्हणजे अखंड लाकडाच्या फळीचा असावा, प्लायचा नको; स्प्रूसचा असेल तर उत्तम. ३० हजारांत सॉलिड टॉपची गिटार मिळू शकते. पाठ आणि बाजू प्लायच्या असल्या तर ठाण्यात त्या सोयीच्याच, कारण अखंड लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवा ८० टक्क्यांच्या वर जाते. लाकूड पाणी पिते, ब्रिजच्या मागे टॉप फुगतो आणि तारा फ्रेटपासून वर उचलल्या जातात. जूनपासून दसऱ्यापर्यंत गिटार भिंतीवर न टांगता बंद केसमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि त्या पुड्या नियमित बदलत राहा.

टॉपच्या आतील पट्ट्यांकडे, ज्यांना ब्रेसिंग म्हणतात, दुकानात एकदा फोनच्या उजेडात साउंडहोलमधून डोकावून पाहावे. स्टीलच्या तारांच्या गिटारमध्ये त्या फुलीच्या आकारात बसवलेल्या असतात. मार्टिनच्या कारखान्यात १८४० च्या दशकात ही पद्धत रुजली. बाराच्या जाडीच्या तारांचा (सर्वांत बारीक तार ०.०१२ इंच जाड असलेल्या संचाचा) एकूण ताण ७० किलोंच्या वर जातो आणि तो या पट्ट्या पेलतात. स्वस्त गिटारमध्ये तुटू नये म्हणून त्या जाडजूड ठेवतात आणि वर प्लायचा जाड टॉप लावतात, त्यामुळे गिटार मोठी असूनही ठोकळ्यासारखी वाजते. भाच्याची ड्रेडनॉट तशी नाही, हे तिच्या घुमण्यावरूनच दिसते. तीही चांगली गिटार आहे.

दुकानात जाताना तुमचा कॅपो बरोबर न्या. दुकानातील मुलगा गिटार हातात घेऊन झोकात काहीतरी वाजवून दाखवेल, ते त्याच्या हाताचे आणि त्याच्या पट्टीचे असेल. तुम्ही पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, ‘जी’चा शेप धरा आणि रोजच्या अभंगाची अस्ताई हळू आवाजात गा. त्यानंतर कॅपो काढून सहाव्या तारेची ती फ्रेटमागून फ्रेट चाचणी करा. प्रत्येक गिटारला कुठे ना कुठे फुगवटा असणार. ट्रिपल ओमध्येही तो तुमच्या षड्जाच्या जवळपास येऊ शकतो, पण तिथे तो आटोपशीर असतो. दोन गिटार सारख्याच आवडल्या, तर ज्या गिटारचा फुगवटा चौथ्या फ्रेटपासून जास्त दूर, ती घ्या. बाराव्या फ्रेटवर सहावी तार फ्रेटपासून अडीच मिलिमीटरच्या फार वर असेल, तर ती तिथेच खाली करून मागा. आणि बाराऐवजी अकराच्या तारा चढवून घ्या.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. पुरुषाची पट्टी काळी एक असेल, तर त्याच्या बाबतीत ड्रेडनॉटचा हा घुमारा षड्जावर न येता दुसऱ्याच सुरावर येतो, म्हणून त्याला ही तक्रार कदाचित जाणवणारही नाही. पण पांढरी पाचमध्ये गाणाऱ्या बायकांना जवळजवळ हाच अनुभव येईल. आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी गिटार घेताना बॉडीपेक्षा तारांची लांबी आधी मोजावी. आणि उंच, धिप्पाड माणसानेही बोटांनीच वाजवायचे असेल, तर लहान गिटार हातात घेऊन पाहायला संकोच करू नये.

राहिला सरांचा प्रश्न. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा एखाद्या शनिवारी त्यांनाच दुकानात घेऊन जा. वाजवणाऱ्याला गिटार वरून ऐकू येते आणि समोरच्याला समोरून. दोन्ही आवाजांत पुष्कळ अंतर असते आणि हेडफोनवरचे रेकॉर्डिंग सोडले, तर दोन वर्षांत तुम्ही तुमची साथ समोर बसून कधीच ऐकलेली नाही. सरांना तुमच्या पट्टीत आधी ड्रेडनॉटवर, मग ट्रिपल ओवर बोटांनी साथ करायला सांगा, तुम्ही त्यांच्यापासून पाच-सहा हातांवर बसा आणि मंद्र पंचमाला टेकणारी एखादी ओळ दोन्ही वेळा गा. नंतर सरांच्या हातातील गिटार तुम्ही घ्या आणि गायचे काम एखाद्या मैत्रिणीकडे द्या, म्हणजे सरांनाही समोर बसून ऐकता येईल.